'कबूल': शायलॉकच्या बाप्तिस्म्याचं प्रकरण

वाचनाच्या तालमीत आमची गाडी एका छोट्याशा वाक्यावर अडली. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला न्यायालयाचा प्रवेश आम्ही मराठीत बसवत होतो. प्रवेशाच्या शेवटाकडे पोर्शिया विचारते, "झालं समाधान, ज्यू? काय म्हणणं आहे तुझं?" त्यावर खटला हरलेला ज्यू सावकार शायलॉक म्हणतो, "आय अ‍ॅम कन्टेन्ट." याचं मराठी काय करायचं? "मी समाधानी आहे" म्हटलं तर मुलं हसली. "मला मान्य आहे" हे सोसायटीच्या सभेतल्या ठरावासारखं वाटलं. शेवटी शायलॉक वाचणाऱ्या मुलानेच सुचवलं, "नुसतं 'कबूल' म्हणू का?" तो ते एकदा म्हणाला आणि पुढचं वाक्य कोणी वाचेना. 'कबूल'च्या पोटात कबुलीजबाब आहे. कबुलीजबाब कसे घेतले जातात, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवसापासून मी या नाटकाकडे एक खटला म्हणून पाहतो. तो खटला रक्ताचा थेंब न सांडता मांस कापण्याच्या युक्तीपाशी संपत नाही. शाळेत तो तिथेच संपवतात. कपटी सावकार, हुशार पोर्शिया, टाळ्या. खरं प्रकरण त्यानंतरच्या शंभरेक ओळींत आहे.

आधी काय घडलं

बस्सानियोला श्रीमंत पोर्शियाला मागणी घालायला पैसा हवा आहे. त्याचा मित्र, व्यापारी अँटोनियो, याची जहाजं समुद्रावर आहेत. म्हणून अँटोनियो शायलॉककडून 3,000 डुकाट (सोन्याची नाणी) तीन महिन्यांच्या बोलीने घेतो. मुदतीत फेड झाली नाही तर व्याज नाही, दंड म्हणून अँटोनियोच्या अंगचं एक पौंड मांस. गंमत म्हणून लिहूया, असं म्हणत शायलॉक हे कलम कर्जखतात घालतो.

या व्यवहाराच्या आधीची एक गोष्ट प्रयोगात नेहमी घाईने उरकली जाते. शायलॉक अँटोनियोला आठवण करून देतो: बाजारात तू मला कुत्रा म्हणालास, माझ्या ज्यू अंगरख्यावर थुंकलास, माझ्या दाढीवर थुंकलास, उंबऱ्यावरच्या परक्या कुत्र्याला हाणावी तशी लाथ मारलीस, आणि आता म्हणतोस पैसे दे? यावर अँटोनियो काय म्हणतो? तो नाकारत नाही, ओशाळतही नाही. तो म्हणतो, मी तुला पुन्हा तसंच म्हणेन, पुन्हा थुंकेन, पुन्हा लाथ मारेन. पैसे द्यायचे तर मित्र म्हणून देऊ नकोस, शत्रू म्हणून दे. कर्ज मागणारा माणूस सावकाराच्या तोंडावर हे बोलतो, कारण बोलल्याने आपलं काही बिघडणार नाही याची त्याला खात्री आहे. आणि हा अँटोनियो नाटकातला सगळ्यात सालस माणूस! मित्रासाठी जीव द्यायला तो तयार असतो. त्याच्या चांगुलपणाबद्दल व्हेनिसमध्ये कोणाला शंका नाही, मलाही नाही. त्याचा चांगुलपणा एका रेषेपाशी थांबतो आणि ती रेषा धर्माची आहे.

शायलॉकही संत नाही, हे लपवू नये. अँटोनियो ख्रिस्ती आहे म्हणून मी त्याचा द्वेष करतो, असं तो स्वतःशी म्हणतो, आणि लगेच पुस्ती जोडतो की तो बिनव्याजी पैसे देऊन बाजारातला व्याजाचा दर पाडतो, याचा राग त्याहून मोठा आहे. न्यायालयात तो बुटाच्या तळव्यावर सुरी परजतो. मुलगी पळून गेल्यावर म्हणतो की ती माझ्या पायाशी मरून पडलेली आणि दागिने तिच्या कानात असलेले बरे. हे ऐकवत नाही आणि ऐकवू नयेच. त्याचं प्रसिद्ध भाषण आपण अर्धंच उद्धृत करतो. ज्यूला डोळे नसतात का, टोचलं तर आम्हाला रक्त येत नाही का, इथवर पोस्टरवर छापता येतं. पण भाषण पुढे जातं: आमच्यावर अन्याय केलात तर आम्ही सूड घेणार नाही का? तुम्ही शिकवलेला दुष्टपणाच मी अमलात आणीन, आणि शिकवलंत त्याहून सरस करून दाखवीन. ही सहिष्णुतेची विनवणी नव्हे, सूडाची जमवाजमव आहे. द्वेष सोसणारा माणूस द्वेषातूनच शहाणा आणि मोठा होऊन बाहेर येतो, अशी खोटी आशा शेक्सपिअर दाखवत नाही, म्हणून मला हे भाषण पूर्ण ऐकायला हवं असतं.

या सगळ्यात एक अंगठी आहे. जेसिका, शायलॉकची मुलगी, लोरेंझो या ख्रिस्ती तरुणाबरोबर पळून जाते आणि बापाचे पैसे, दागिने घेऊन जाते. तिने पिरोजाची एक अंगठी देऊन माकड विकत घेतलं, अशी बातमी शायलॉकचा ज्यू मित्र ट्युबाल आणतो. शायलॉक म्हणतो, ती लीआने मला दिली होती, माझं लग्न व्हायच्या आधी. माकडांचं अख्खं रान दिलं असतं तरी मी ती दिली नसती. लीआबद्दल, म्हणजे बहुधा त्याच्या बायकोबद्दल, नाटकात एवढंच. पण याच ओळीत आपल्याला कळतं की या माणसाला तारुण्य होतं, कोणीतरी त्याच्यावर प्रेम केलं होतं, आणि त्याच्याही घरात एक अशी वस्तू होती जिची किंमत डुकाटांत होत नव्हती.

खटल्याचा उत्तरार्ध

पोर्शिया वकिलाच्या वेषात येते, मांस घे पण रक्त सांडू नकोस म्हणते, आणि दावा कोसळतो. शायलॉक तिप्पट रक्कम मागतो, मग नुसती मुद्दल मागतो. नाही मिळत. तो निघतो. इथे पडदा पडला असता तर ही एका सूडाच्या फसण्याची गोष्ट झाली असती. पण पोर्शिया म्हणते, थांब ज्यू, कायद्याची तुझ्यावर अजून एक पकड आहे.

व्हेनिसचा कायदा असा सांगितला जातो: एखाद्या परक्याने नागरिकाचा जीव घ्यायचा प्रयत्न केला तर त्याची निम्मी मालमत्ता त्या नागरिकाला, निम्मी सरकारजमा, आणि त्याचा प्राण व्हेनिसच्या प्रमुखाच्या, ड्यूकच्या, मर्जीवर. फिर्यादी म्हणून आलेला माणूस एका वाक्यात आरोपी होतो. आणि 'परका' हा शब्द पाहा. शायलॉकचं घर, धंदा, प्रार्थनास्थळ, सगळं व्हेनिसमध्ये. तरी तो परका, कारण तो ज्यू. नागरिकाने परक्यावर थुंकलं तर काय, याचं कलम कोणी वाचून दाखवत नाही.

खऱ्या व्हेनिसमध्येही असंच होतं. 29 मार्च 1516 रोजी तिथल्या सरकारने ज्यूंना कानारेज्जो भागातल्या एका बेटावजा वस्तीत राहायला भाग पाडलं. रात्री वेशीची दारं बंद होत आणि पहारेकऱ्यांचा खर्च ज्यूंकडूनच वसूल होई. 'घेट्टो' हा शब्द जगाला याच वस्तीने दिला. राहण्याचा हक्क ठरावीक मुदतीच्या सनदेने मिळे, मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी, पुन्हा पैसे. बाहेर पडताना वेगळ्या रंगाची टोपी. व्याजाने पैसे देणं ख्रिस्ती धर्माने पाप ठरवलेलं, पण शहराला कर्ज तर हवंच. म्हणून ते काम ज्यूंकडे सोपवलं आणि वर त्याच कामासाठी त्यांना हिणवलं. शेक्सपिअरने घेट्टोचा उल्लेख कुठेही केलेला नाही. तो ज्या इंग्लंडमध्ये लिहीत होता तिथून ज्यूंना 1290 साली हाकलून दिलं होतं. त्याच्या बहुतेक प्रेक्षकांनी उघडपणे ज्यू म्हणून जगणारा माणूस पाहिलेलाच नसणार. द्वेषाला समोर माणूस लागत नाही, ऐकीव गोष्टी पुरतात.

आता निकाल. ड्यूक म्हणतो, आमच्या आणि तुझ्या वृत्तीत काय फरक आहे हे तुला दिसावं म्हणून तू मागायच्या आधीच मी तुला जीवदान देतो. शायलॉक म्हणतो, जीवही घ्या मग. ज्या खांबावर घर उभं आहे तो काढलात की घर गेलंच, ज्यावर मी जगतो ते घेतलंत की जीव गेलाच. तेव्हा पोर्शिया अँटोनियोला विचारते: तू याच्यावर काय दया करशील?

प्रश्न दयेचा आहे, हे विसरून चालणार नाही. बस्सानियोचा मित्र ग्रॅशियानो मधेच ओरडतो, फुकट एक फास द्या, दुसरं काही नको. अँटोनियो त्याच्यासारखा नाही. तो शांतपणे उत्तर देतो. सरकारने आपला निम्मा हिस्सा सोडावा. उरलेला निम्मा मी सांभाळीन आणि शायलॉकच्या मृत्यूनंतर 'ज्याने नुकतीच याची मुलगी चोरली' त्या गृहस्थाला देईन. 'चोरली' हा शब्द अँटोनियोचाच आहे. पुढे दोन अटी: या उपकाराबदल्यात शायलॉकने तत्काळ ख्रिस्ती व्हावं, आणि मरतेवेळी जे काही त्याच्याजवळ असेल ते लोरेंझो आणि जेसिकाच्या नावे इथेच लिहून द्यावं. ड्यूक म्हणतो, हे करेल, नाहीतर मी माफी मागे घेतो.

मग तो प्रश्न. मग 'कबूल'. मग शायलॉक म्हणतो, मला जाऊ द्या, मला बरं वाटत नाही, कागद घरी पाठवा, सही करतो. ग्रॅशियानोला तेवढंही सोसत नाही. तो म्हणतो, बाप्तिस्म्याला तुला दोन धर्मपिते असतील. मी न्यायाधीश असतो तर आणखी दहा दिले असते, फासावर न्यायला. इंग्लंडच्या ज्यूरीत बारा जण असत, त्यावरचा हा विनोद. शायलॉक जातो आणि नाटकात परत कधी दिसत नाही.

दयेच्या नावाखाली काय काढून घेतलं

माझ्या मते या नाटकातला धार्मिक द्वेष सुरीत नाही, या 'दये'त आहे. सुरी सगळ्यांना दिसते, तिची भीती वाटते, तिला थांबवता येतं. बाप्तिस्म्याची अट घालणाऱ्यांना मात्र आपण मोठं मन दाखवत आहोत असं मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शायलॉकचं काय झालं असतं, याचा हिशोब करून पाहावा. व्याजाचा धंदा बंद, कारण तो आता ख्रिस्ती. ट्युबालला तो सिनेगॉगमध्ये भेटायचा, ती जागा बंद. सुरुवातीला तो बस्सानियोला म्हणाला होता, तुमच्याशी खरेदी करीन, विक्री करीन, बोलेन, चालेन, पण तुमच्याबरोबर जेवणार नाही, पिणार नाही, प्रार्थना करणार नाही. हे शेवटचं कुंपण त्याने स्वतः घातलेलं होतं आणि तेच तोडलं गेलं. लीआच्या शेजारी दफन होणं, तेही गेलं. आणि ज्यांच्यात ढकलला त्यांच्यात त्याला जागा मिळाली असती का?

याचं उत्तर नाटकातच, जेसिकेच्या रूपाने आहे. ती आपण होऊन धर्म बदलते, प्रेमाने, घाईने, आनंदाने. तरी ती बेलमाँटला, पोर्शियाच्या घरी, पोचते तेव्हा ग्रॅशियानो म्हणतो, तो पाहा लोरेंझो आणि त्याची 'काफर'. लॉन्सलॉट नावाचा विदूषक तिच्या तोंडावर म्हणतो की सगळे ज्यू असे ख्रिस्ती होऊन डुक्कर खायला लागले तर डुकराचं मांस महागेल. घोळक्यातला विनोद आहे, ती हसते. पण बाप्तिस्मा झाला तरी माणूस मोजला जातो तो जुन्याच मापाने, हे त्यात आहे.

काही अभ्यासक म्हणतात, त्या काळच्या प्रेक्षकाला बाप्तिस्मा म्हणजे खरोखरच आत्म्याची सुटका वाटत असणार, आजच्या चष्म्यातून पाहू नका. पहिला भाग मला पटतो. पण दुसऱ्याने प्रकरण मिटत नाही. एक तर शेक्सपिअरने ज्या इटालियन कथेवरून हे रचलं, ती 'इल पेकोरोने' या संग्रहातली गोष्ट (छापली गेली 1558 साली), तिच्यात धर्मांतर नाहीच. तिथला सावकार हरल्यावर रागाने खत फाडतो आणि निघून जातो. धर्मांतराची अट शेक्सपिअरने बाहेरून आणली आणि तीही दयेच्या पोटात ठेवली. दुसरं, त्याच्या प्रेक्षकांनी दोन-तीनच वर्षं आधी काय पाहिलं होतं? राणी एलिझाबेथचे वैद्य रॉड्रिगो लोपेझ मूळचे पोर्तुगीज ज्यू घराण्यातले, पण बाप्तिस्मा झालेले. राणीवर विषप्रयोगाच्या कटाचा आरोप ठेवून 1594 च्या जूनमध्ये त्यांना लंडनच्या टायबर्न या वधस्थानी मारलं. वधस्तंभावरून ते म्हणाले की राणीवर माझं येशू ख्रिस्ताइतकंच प्रेम आहे. गर्दी हसली. ज्यू तो ज्यू, त्याने ख्रिस्ताची शपथ घ्यावी हाच विनोद. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूवर ख्रिस्ती जमाव कसा विश्वास ठेवतो, हे लंडनला चांगलं ठाऊक होतं.

आणि आपल्याकडचा एक दाखला द्यायलाच हवा, कारण तो याच काळातला आहे. 1497 मध्ये पोर्तुगालने आपल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं. अशाच एका घराण्यातला गार्सिया द ओर्टा हा वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. भारतीय वनस्पती आणि औषधांवरचा त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, 1560 मध्ये सुरू झालेलं होतं. ओर्टा 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून, जाळलं. आणि 1580 मध्ये ओर्टाची हाडं कबरीतून उकरून काढली आणि जाळली. तेव्हा शेक्सपिअर सोळा वर्षांचा होता. शायलॉकला 'कबूल' म्हटल्यानंतर पुढे काय वाढून ठेवलेलं असू शकत होतं, ते मी मांडवीच्या काठच्या त्या राखेत वाचतो.

त्याच पश्चिम किनाऱ्यावर, थोडं वर, कोकणात बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं मराठी बोलत तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. त्यांच्या बाबतीत गावाने नोंद घेतली ती सुट्टीच्या वाराची. हे सांगायचं कारण असं की मराठी वाचकाला शायलॉक भेटतो तो ज्यू म्हणून नव्हे, सावकार म्हणून. 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, ती आठवण आपल्या रक्तात आहे. त्यामुळे खत हातात घेऊन उभा असलेला माणूस दिसला की आपण लगेच दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो आणि कोर्टातला सगळा अपमान त्या सावकारीच्या खात्यावर वळता करतो. आमच्या तालमीतही ग्रॅशियानोच्या दर ओळीला हशा होता. 'कबूल'पर्यंत.

रंगमंचाने काय केलं

या नाटकाचा प्रयोगांचा इतिहास मोठा आहे, त्यातले तीन प्रसंग इथे पुरेत. मे 1943 मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये, नाझी गाउलायटर (प्रांतप्रमुख) बाल्डुर फॉन शिराखच्या राजवटीत, वेर्नर क्राउसने शायलॉक केला, किळस यावी असा. त्या शहरातले ज्यू तोवर छावण्यांकडे धाडले गेले होते. नाझींना या संहितेत एक गोष्ट मात्र अडचणीची होती: जेसिकाचं लग्न. न्यूरेंबर्गच्या वंशकायद्यात बाप्तिस्म्याने ज्यू माणूस ज्यू राहायचा थांबत नव्हता. धर्मावरचा द्वेष रक्तावर सरकला की 'कबूल' म्हणायचीसुद्धा सोय उरत नाही.

1970 मध्ये लंडनला जोनाथन मिलरच्या प्रयोगात लॉरेन्स ऑलिव्हिए शायलॉक होता. तो बाहेर गेल्यावर विंगेतून एक आक्रोश ऐकू येई आणि शेवटी मृतांसाठीची ज्यू प्रार्थना, कद्दिश.

आणि जुलै 2016 मध्ये, घेट्टोला पाचशे वर्षं झाली तेव्हा, त्याच वस्तीत हे नाटक झालं. त्याला जोडून व्हेनिसमध्येच शायलॉकच्या अपिलाची लुटुपुटूची सुनावणी घेतली गेली. अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग होत्या, त्या स्वतः ज्यू. निकाल असा लागला: मांसाचं कलम मुळातच लागू करण्याजोगं नाही, शायलॉकची मालमत्ता परत, मुद्दलाचे 3,000 डुकाट परत, धर्मांतराची अट रद्द. चारशे वर्षांनी का होईना, कोणीतरी उत्तरार्धाचं अपील ऐकलं.

नाटकाचा पाचवा अंक मात्र तसाच राहतो. बेलमाँटला चांदणं आहे, संगीत आहे. जेसिका म्हणते, गोड संगीत ऐकलं की मला कधीच आनंद होत नाही. ही तिची शेवटची ओळ. त्यानंतर इतर सगळे येतात, अंगठ्यांवरून थट्टामस्करी होते, आणि पोर्शियाची सखी नेरिसा शायलॉकच्या सहीचा दानलेख लोरेंझोच्या हाती देते. लोरेंझो खूश होऊन म्हणतो, तुम्ही तर उपाशी लोकांच्या वाटेवर मान्ना टाकलात. मान्ना म्हणजे मिसर सोडून वाळवंटात भटकणाऱ्या इस्राएलींसाठी देवाने आकाशातून टाकलेलं अन्न. आमच्या तालमीत जेसिका करणारी मुलगी त्या क्षणी संहितेची पानं उलटत होती, इथे आपल्याला काही ओळ आहे का ते शोधत. नव्हती.